ऑर्केस्ट्रासाठी क्लॅरिनेटचा माउथपीस कसा निवडावा

शुबर्टच्या अपूर्ण राहिलेल्या सिम्फनीत पहिली मुख्य धून ओबो आणि क्लॅरिनेट ही फुंकवाद्यं मिळून, एकाच सुरात वाजवतात. खाली तारवाद्यांची अस्वस्थ कुजबुज चालू असते आणि तिच्यावरून ही धून अगदी हळू पुढे सरकते. ऐकणाऱ्याला ओबो वेगळा आणि क्लॅरिनेट वेगळं ऐकू येता कामा नये. दोघांचा मिळून एक तिसराच आवाज व्हावा लागतो. ऑर्केस्ट्रात बसणाऱ्या क्लॅरिनेटवादकाचा बहुतेक वेळ अशाच कामात जातो. सोलो येतात, पण मोजके. एरवी कुणाच्या तरी सुरात सूर मिसळायचा, शांततेतून अलगद सुरुवात करायची आणि कुणाला कळू न देता थांबायचं.

माउथपीस, म्हणजे क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा भाग, घेताना नवखे वादक नेमकं हेच विसरतात. मीही विसरलो होतो. माझा पहिला चांगला माउथपीस मी एका छोट्या खोलीत दहा मिनिटं वाजवून घेतला, कारण त्यातून निघणारा आवाज खोलीभर दुमदुमत होता. तालमीत पहिली हळू, म्हणजे हलक्या आवाजाची, जागा आली तेव्हा आधी नुसती हवा गेली आणि मग धक्क्यानं सूर लागला. पुढचे दोन महिने मी रीडला (माउथपीसवर बांधायच्या, फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पातीला) दोष देत राहिलो, डब्यामागून डबे फोडले. दोष निवडीच्या पद्धतीत होता.

मोठा आवाज कुठल्याही बऱ्या माउथपीसमधून निघतो, त्यामुळे तो आधी ऐकून भुलू नका. आधी हळू सुरुवात तपासायची, मग सूर जागेवर राहतो का ते, मग दुसऱ्या वाद्यांत मिसळतो का ते, आणि आवाजाचा आकार सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या याच क्रमाला धरून आहेत.

आधी बघा, दोष माउथपीसचाच आहे का

वाद्य चिरकतं, खालचे सूर उशिरा लागतात, आवाज पातळ येतो, असं झालं की पहिला संशय माउथपीसवर जातो. आधी नवी रीड लावून पाहा. मग वाद्यातून हवा गळते का ते तपासा: वरचा जॉइंट, म्हणजे नळीचा वरचा तुकडा, सुटा करा, त्याची छिद्रं बोटांनी बंद करा, खालचं टोक तळव्यानं दाबा आणि वरून तोंडानं हवा ओढा. आतली ओढ दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. टिकली नाही तर एखादं पॅड (छिद्र झाकणारी गादी) नीट बसत नाहीये, आणि ते दुरुस्त होईपर्यंत कुठल्याही माउथपीसची परीक्षा खरी होणार नाही.

आता हातातला माउथपीस उजेडात धरा. टोकाच्या पातळ कडेवर बारीकसा टवका उडालेला असेल तर चिरकण्याचं कारण तिथेच सापडलं. बाजूच्या दोन कडा सारख्या दिसतात का पाहा. वर्षानुवर्षं कापड आरपार ओढून पुसलेल्या माउथपीसची आतली बाजू झिजते, आणि ही झीज इतकी सावकाश होते की रोज वाजवणाऱ्याला ती जाणवतच नाही.

शिकायला लागून वर्षही झालं नसेल तर मात्र थोडं थांबा. ओठांची ठेवण अजून बसत असते; आज सोयीचा वाटलेला माउथपीस तीन महिन्यांनी परका वाटेल. तोवर मध्यम फटीचा, चांगल्या कंपनीचा साधा माउथपीस पुरेसा आहे.

रीड आणि माउथपीसच्या मधली फट

माउथपीसच्या ज्या सपाट भागावर रीड बसते त्याला टेबल म्हणतात. हे टेबल थोडं अंतर सपाट जातं आणि मग टोकाकडे हळूहळू रीडपासून दूर वळतं. हे वळण म्हणजे फेसिंग. आणि अगदी टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये जी फट उरते ती टिप ओपनिंग. माउथपीसच्या वर्णनात तुम्हाला पहिल्यांदा दिसतील ते हेच दोन आकडे.

फट किती असावी हे समजायला रीड काय करते ते डोळ्यांसमोर आणा. ४४० हर्ट्‌झचा सूर वाजत असताना रीड सेकंदाला ४४० वेळा मागेपुढे होते. जोरात वाजवताना प्रत्येक फेरीत ती टोकाच्या कडेवर आपटते आणि फट बंद करते. अगदी हळू वाजवताना ती कडेपर्यंत पोचतच नाही, फटीच्या मधल्यामध्ये झुलत राहते. फट मोठी असली तर हे झुलणं सुरू होण्यासाठी रीड ओठांनी दाबून आधी जवळ आणावी लागते. दाबलं की सूर चढतो, आवाज पातळ होतो आणि जबडा लवकर थकतो. फट फारच लहान असली तर हळू सूर सहज येतो, पण अख्खा ऑर्केस्ट्रा जोरात वाजू लागला आणि तुम्हीही दम लावून फुंकलंत की रीड टोकाला टेकून बसते आणि आवाज गुदमरतो. ऑर्केस्ट्राचा वादक या दोन टोकांच्या मध्ये आपली जागा शोधत असतो.

फ्रेंच पद्धतीच्या बी फ्लॅट, म्हणजे नेहमीच्या, क्लॅरिनेटवर ही जागा साधारण १.०० ते १.२० मिमीच्या दरम्यान सापडते. जॅझ वाजवणारे १.५ मिमीच्या आसपासही जातात, कारण त्यांना सूर वाकवायला मोकळीक हवी असते. ०.१ मिमी म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या एका पानाची जाडी. तेवढ्या फरकानं माउथपीस पूर्ण वेगळा वाटतो, म्हणून आकडे बघताना दशांशाच्या पुढच्या घरांकडेही लक्ष द्या.

फेसिंगची लांबी बहुतेक वेळा १६ ते २० मिमी असते. माउथपीस काचेच्या पट्टीवर ठेवून मधून अतिशय पातळ पट्टी सरकवतात. ती जिथे अडते तिथपर्यंतची ही लांबी. पट्टीवरच्या खुणा अर्ध्या मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे कुणी ३४ म्हणालं तर १७ मिमी समजायचं. लांब फेसिंगवर रीडचा जास्त भाग हलतो, फुंक मऊ लागते, आवाजाला वळण देता येतं. आखूड फेसिंग कडक लागतं, सूर पटकन पकडतं, पण हळूपासून जोरापर्यंतचा पल्ला थोडा कमी देतं. फट आणि लांबी नेहमी जोडीनं वाचा: फट थोडी मोठी आणि फेसिंग लांब असेल तर ती फट जाणवतही नाही, तीच फट आखूड फेसिंगवर लढायला लावते.

बाकीचे भाग थोडक्यात. टोकाची कड रुंद असली की सुराची सुरुवात गोल होते, अरुंद असली की चटकन होते पण चिरकण्याचा धोका वाढतो. टोकाच्या आत, रीडच्या समोर जो उतार असतो तो बॅफल. तो रीडच्या जवळ असला तर आवाज उजळ आणि तत्पर, खोल असला तर गडद आणि थोडा संथ. त्याच्या मागची पोकळी म्हणजे चेंबर. ती मोठी असली तर सूर किंचित उतरतो, आणि उतरतो तो सगळीकडे सारखा नाही. ज्या सुरांना नळीची लांबी कमी लागते त्यांच्यावर परिणाम जास्त. म्हणूनच माउथपीस बदलला की काही सूर जुळतात आणि काही बिघडतात.

कोणत्या माउथपीसपासून सुरुवात करावी

नवख्यासमोर पन्नास नावं ठेवण्यात अर्थ नाही. व्हँडोरेन ही कंपनी यूजेन व्हॅन डोरेन या पॅरिसच्या क्लॅरिनेटवादकानं १९०५ मध्ये सुरू केली. तिचे माउथपीस बहुतेक ठिकाणी मिळतात आणि त्यांची मापं जाहीर असतात, त्यामुळे तुलना शिकायला ते सोयीचे. त्यांच्या मॉडेलांपैकी ५आरव्ही लायरची फट १.०९५ मिमी, बीडी५ची १.१३, एम३०ची १.१५ आणि बी४०ची १.१९५. एम१३ त्याहून बंद, १.०० मिमीच्या आसपास. बी४५ची फटही १.१९५ मिमी, म्हणजे बी४०एवढीच. तरी दोन्ही हातात घेऊन वाजवले तर कुणीही त्यांना जुळे म्हणणार नाही. बी४०च्या टोकाची कड रुंद आहे. तिच्यामुळे आवाज दाट आणि सुरुवात मऊ होते, तर बी४५ जास्त मोकळा, सरळ बोलतो. फक्त फटीचा आकडा पाहून निवड का करू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

डी'अ‍ॅडारिओच्या रिझर्व्ह मालिकेत तर नावातच फट सांगितलेली आहे: एक्स० म्हणजे १.०० मिमी, एक्स५ म्हणजे १.०५ आणि एक्स१० म्हणजे १.१०. ०.०५ मिमीनं काय बदलतं ते स्वतःच्या ओठांनी समजून घ्यायचं असेल तर हे तीन शेजारी ठेवून वाजवावेत.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या खेपेला एक बंद, एक मधला आणि एक उघडा असे तीन घ्या: उदाहरणार्थ ५आरव्ही लायर, एम३० आणि बी४०. एम३०चं फेसिंग लांब आहे, त्यामुळे त्याची फट आकड्यावरून वाटते त्यापेक्षा सोपी लागते. या तिघांत तुमचा कल कुठे जातो ते कळलं की पुढचा शोध अर्धा झाला.

जुन्या माउथपीसविषयीही तुमच्या कानावर येईल. शेदव्हिल आणि कास्पर ही माउथपीस बनवणाऱ्यांची नावं क्लॅरिनेटवादक आदरानं घेतात. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रात १९५३ ते १९७३ पहिलं क्लॅरिनेट वाजवणारे रॉबर्ट मार्सेलस कास्पर वाजवत. त्यांचा आवाज ऐकून तो माउथपीस हवासा वाटणं मी समजू शकतो. पण तो आवाज त्यांच्या तोंडाची पोकळी, जीभ, दात आणि रोजचा रियाज यांतून आलेला होता. शिवाय इतक्या जुन्या माउथपीसचं फेसिंग मधल्या काळात कुणीतरी घासून बदललेलं असण्याची शक्यता बरीच. पहिली खरेदी त्याची नको.

जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये वेगळ्या पद्धतीची क्लॅरिनेट वाजतात. त्यांच्या माउथपीसची फट जास्त बंद, फेसिंग बरंच लांब आणि रीड अरुंद; अनेक वादक रीड अजूनही दोऱ्यानं गुंडाळून बांधतात. तो आवाज आवडला म्हणून तिकडचा माउथपीस फ्रेंच वाद्यावर लावू नका, आतली मापंच जुळत नाहीत.

माउथपीस कशाचा बनलेला आहे यावर लोक फार वाद घालतात. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हाच ऑर्केस्ट्रातला नेहमीचा पर्याय. काचेचेही असतात, जड आणि पडले तर फुटणारे. माझ्या अनुभवात आतला आकार आणि फेसिंग यांच्यापुढे पदार्थाचा फरक लहान आहे. एबोनाइट घ्या आणि पुढे चला.

रीडशिवाय परीक्षा नाही

बंद माउथपीसला कडक रीड लागते, उघड्याला मऊ. एम१३वर ४ नंबरची रीड सुखानं चालते. तीच बी४०वर लावली तर फुंकून फुंकून डोकं दुखेल. म्हणजे एकच रीड घेऊन तीन माउथपीस वाजवले तर परीक्षा त्या रीडची होते. प्रत्येक माउथपीससाठी किमान दोन नंबर जवळ ठेवा, अर्ध्या-अर्ध्या फरकाचे: ३, ३.५ आणि बंद माउथपीससाठी ४.

नंबर एका डब्यापुरतेच खरे धरायचे. एका कंपनीची ३.५ दुसरीच्या ३.५ एवढी कडक असेलच असं नाही, आणि एकाच कंपनीत कापही (रीड तासण्याच्या पद्धती) वेगळे असतात. व्हँडोरेनची पारंपरिक रीड टाचेशी २.८ मिमी जाड असते, व्ही१२ ३.१५ मिमी. दोन्हींचा पोत वेगळा लागतो. परीक्षेच्या दिवशी एकच काप ठरवा आणि त्यावर राहा.

रीड आधी चार-पाच दिवस थोडी थोडी वाजवून मुरलेली असाव्यात, पण दमलेल्या नकोत. अगदी नवी रीड अर्ध्या तासात बदलत जाते आणि शेवटी वाजवलेला माउथपीस उगाच चांगला किंवा वाईट ठरतो.

प्रत्यक्ष वाजवून बघताना

स्वतःचं क्लॅरिनेट, स्वतःचा बॅरल (माउथपीसखालचा आखूड नळीचा तुकडा), स्वतःचं लिगेचर (रीड बांधायचा पट्टा) आणि ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) घ्या. वाद्य पंधरा मिनिटं नेहमीच्या माउथपीसवर वाजवून गरम करा, कारण थंड वाद्याचा सूर उतरलेला असतो आणि जसजसं ते तापतं तसा चढतो. पहिला माउथपीस थंड वाद्यावर आणि तिसरा गरम वाद्यावर वाजवलात तर सुराची तुलना फुकट जाते.

एका बैठकीत तीन, फार तर चार. पाचव्यानंतर ओठ आणि कान दोन्ही खोटं बोलू लागतात.

१. ओली रीड बांधा, माउथपीसचं मागचं तोंड तळव्यानं बंद करा, पुढून हवा ओढा आणि तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग टक् करून सुटली तर कडा सारख्या आहेत आणि रीड नीट बसली आहे. लगेच सुटली तर रीड बदलून पुन्हा पाहा. दोन-तीन रीडवर तेच झालं तर तो नग बाजूला ठेवा.

२. आता मधला, सगळी छिद्रं उघडी ठेवून निघणारा जी हा सूर. जीभ न लावता, फक्त श्वासानं, शून्यातून सुरू करा. किती हळू सुरू होतो आणि आधी किती हवा ऐकू येते, याकडे लक्ष द्या. दहा वेळा करा. दहातल्या आठ वेळा सूर हवा तेव्हा लागला तर माउथपीस पुढच्या फेरीत. मग हेच सगळ्यात खालच्या ईवर, मग रजिस्टर की (वरच्या पट्टीत नेणारी कळ) दाबून वरच्या बी आणि सीवर, मग अगदी उंच सुरांवर. मधल्या जीवर गोड बोलणारे कित्येक माउथपीस वर गेल्यावर अडतात. या पायरीला घाई करू नका. माझा अर्धा वेळ इथेच जातो.

३. ट्यूनर समोर ठेवून एकच सूर हळूपासून जोरात न्या आणि परत आणा. क्लॅरिनेटचा सूर जोरात फुंकल्यावर उतरतो आणि हळू झाल्यावर चढतो. बासरीचं उलट. म्हणून भागाच्या शेवटी सगळे मिळून हळूहळू विझतात तेव्हा बासरी खाली आणि क्लॅरिनेट वर सरकतं, आणि तो शेवट बेसूर होतो. सूर अजिबात न हलवणारा माउथपीस नसतो, पण काही कमी हलवतात. पाच-सहा सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आत राहिला तर मी खूश असतो.

४. थ्रोट टोन, म्हणजे मधल्या पट्टीतले जी, जी शार्प, ए आणि बी फ्लॅट, हा क्लॅरिनेटचा दुबळा भाग. इथे आवाज पोकळ होतो. बी फ्लॅटवरून वरच्या बीवर सावकाश जा. दोन सुरांमध्ये आवाजाचा रंग जितका कमी बदलेल तितकं चांगलं. खालचा सूर धरून रजिस्टर की दाबली की बारावा सूर मिळतो; एफवरून सी, जीवरून डी असे जोड ट्यूनरवर पाहा. एखादी जोडी थोडी फाकलेली असणं नेहमीचं, पण आधीच्या माउथपीसवर जुळणारी जोडी नव्यावर खूप फाकली तर तो माउथपीस तुमच्या वाद्याशी जमत नाहीये.

५. जिभेची परीक्षा मेंडेल्सोनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधल्या स्केर्त्झो या चपळ भागावर करा. हलकं, सुटं, सतत. जीभ जड वाटू लागली तर दोष जिभेचा आहे असं लगेच धरू नका. रीड कडक आहे किंवा टोकाची कड संथ आहे, हेही बघा.

६. शेवटी विझणं. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीच्या पहिल्या भागात क्लॅरिनेटची धून हळू, आणखी हळू होत जाते; तिच्यापाठचे शेवटचे सूर बसून या खर्जातल्या फुंकवाद्यासाठी लिहिलेत आणि तिथे 'पी' हे हळू वाजवण्याची खूण असलेलं अक्षर सहा वेळा आहे. अनेक ऑर्केस्ट्रांत ते सूर बास क्लॅरिनेटला देतात, कारण बसूनला इतकं हळू होणं फार अवघड जातं. तुमच्या हातातला माउथपीस त्या जागेपर्यंत तुम्हाला सुखानं घेऊन जातो का? मध्येच सूर तुटतो का? सिबेलियसच्या पहिल्या सिम्फनीची सुरुवातही वाजवून पाहा; टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांच्या मंद घुमण्यावर क्लॅरिनेट एकटंच गातं, तिथे लपायला जागाच नसते.

एवढं झाल्यावर मग जोरात वाजवा, मनसोक्त.

पसंत पडलेल्या मॉडेलचे दोन-तीन नग मागून घ्या आणि तेही एकमेकांशी ताडून पाहा. एकाच नावाच्या दोन माउथपीसमध्येही फरक असतो, हातानं घासून पूर्ण केलेल्यांत तर नक्कीच. दुसऱ्यानं वाजवलेला माउथपीस तोंडात घेण्याआधी कोमट पाण्यात धुऊन पुसा.

दोन क्लॅरिनेट, एक माउथपीस

ही गोष्ट ऑर्केस्ट्राबाहेरच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. ऑर्केस्ट्राचा वादक बी फ्लॅट आणि ए अशी दोन क्लॅरिनेट घेऊन बसतो आणि माउथपीस एकच असतो. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'काप्रिचिओ एस्पान्योल'मध्ये पहिल्या भागातला सोलो ए क्लॅरिनेटवर आहे आणि तिसऱ्यातला बी फ्लॅटवर. वाद्य बदलताना बांधलेली रीड तशीच ठेवून माउथपीस एकातून काढून दुसऱ्यात घालायचा असतो, कधी कधी काही सेकंदांत.

म्हणून प्रत्येक परीक्षा दोन्हींवर करा. ए क्लॅरिनेटची नळी लांब, ते फुंकीला थोडा जास्त अडथळा देतं. बी फ्लॅटवर जेमतेम पेलणारा माउथपीस एवर जड होतो. मी बी फ्लॅटवर किंचित मोकळा वाटणाराच निवडतो. माउथपीसच्या खालच्या टोकाचा कॉर्क दोन्ही बॅरलमध्ये नीट बसतो का तेही बघा. एकात घट्ट आणि दुसऱ्यात डुगडुगणारा कॉर्क मैफिलीत दगा देईल. तो बारीक करून किंवा बदलून घेता येतो.

इथेच तुमच्या ऑर्केस्ट्राचा सूरही विचारात घ्या. ए हा सूर काही ४४०वर लावतात, काही ४४२वर किंवा थोडं वर. दोन हर्ट्‌झ म्हणजे जवळजवळ ८ सेंट. व्हँडोरेनची १३ मालिका ४४०साठी बनवलेली आहे, म्हणजे तिचा सूर नेहमीच्या मालिकेपेक्षा खाली. ४४२वर वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात तो माउथपीस घेतलात तर बॅरल पूर्ण आत दाबूनही सूर खालीच राहील, आणि मग आखूड बॅरल शोधावा लागेल. उलट दिशेची चूक सावरता येते: बॅरल थोडा बाहेर ओढला की सूर उतरतो. पण त्यानं थ्रोट टोन बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात, त्यामुळे दोन-अडीच मिलिमीटरहून जास्त ओढावा लागत असेल तर माउथपीस किंवा बॅरल बदलणंच बरं.

दुसऱ्याचे कान

वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. आवाजाचा मोठा भाग दातांतून आणि हाडांतून थेट तुमच्या कानात जातो आणि तो बाहेरच्या आवाजापेक्षा खूप तिखट असतो. या तिखटपणाला घाबरून नवखे वादक गडद माउथपीस घेतात. खोलीत तो मखमलीसारखा वाटतो; सभागृहात व्हायोलिनच्या रांगांमागे बसल्यावर हरवून जातो. आवाजात थोडी धार असावी लागते. दहाव्या रांगेत पोचेपर्यंत ती विरघळलेली असते.

म्हणून जमेल तितक्या मोठ्या जागेत वाजवा आणि विश्वासाच्या माणसाला दूर बसवा. त्याला पाठ फिरवून बसायला सांगा, माउथपीसची नावं सांगू नका, क्रम बदलत राहा आणि एखादा मुद्दाम दोनदा वाजवा. त्याच माउथपीसबद्दल दोन वेळा वेगळी मतं आली तर फरक तितका मोठा नाही, असं समजून सोपा वाटेल तो घ्या. ऐकणारा क्लॅरिनेटवादकच असावा असं नाही. तुमच्यापुढे बसणारा ओबोवादक किंवा बासरीवादक जास्त उपयोगी. त्याच्यासोबत एकच सूर लावा आणि विचारा, कुठल्या माउथपीसवर आपण लवकर मिसळतो?

एकटेच असाल तर ध्वनिमुद्रण करा. फोन तीन-चार मीटर लांब ठेवा, आवाजाची पातळी आपोआप सावरणारी सोय बंद करा आणि लगेच नको, दुसऱ्या दिवशी ऐका.

दुसऱ्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर बसणार असाल तर पहिलं क्लॅरिनेट वाजवणाऱ्याशी बोला. त्याचाच माउथपीस घेण्याची गरज नाही, पण त्याचा आवाज गडद आणि तुमचा झळझळीत असला तर एकत्र सुरावटीत दर वेळी तुम्हालाच नमतं घ्यावं लागेल.

घरी नेल्यावर

परत करण्याची मुदत मिळत असेल तर ती पूर्ण वापरा. पहिले तीन दिवस नवा माउथपीस नेहमीच आवडतो. चौथ्या दिवसापासून एका वहीत लिहा: कुठली रीड, कुठला नंबर, किती वेळ वाजवलं, जबडा कधी थकला. निदान एक पूर्ण तालीम त्यावर वाजवा, आणि तालमीच्या शेवटी, ओठ दमलेले असताना, पुन्हा तो मधला जी शून्यातून सुरू करून पाहा. ताज्या ओठांनी कुठलाही माउथपीस वश होतो. खरी मैफल दमलेल्या ओठांनी संपवायची असते.

जुना आणि नवा आलटून पालटून वाजवू नका. ओठांना एकाची सवय लागायला दोन-तीन आठवडे लागतात. पण जुना टाकूही नका. कॉर्क ठीक करून, पुसून पेटीत ठेवा. मैफिलीच्या दिवशी टोकाच्या कडेला टवका उडाला तर तोच कामी येईल.

वर दात टेकतात तिथे रबराचा पातळ तुकडा चिकटवा. ०.३५ मिमीपासून ०.८ मिमीपर्यंत जाडीचे मिळतात. जाड तुकड्यानं तोंड थोडं जास्त उघडतं, म्हणून ज्या जाडीवर परीक्षा केलीत तीच पुढेही ठेवा. वाजवून झालं की रीड काढा, मऊ कापडानं आतून हलकेच टिपा, कापड ओढून काढू नका. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबण. गरम पाण्यात एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं, गंधकाचा वास सुटतो आणि टेबल वाकण्याची भीती असते. उन्हात, बंद गाडीत किंवा खिडकीपाशी उघडा ठेवू नका, आणि टोकावर टोपी नेहमी घाला. माउथपीस निकामी होतात ते बहुतेक वेळा स्टँडवरून खाली पडून.